आईने प्यायलेलं सरबत

तुम्ही पार्टीला बोलावता आणि मी टाळतो, त्याचं कारण आज सांगतोच.

मे महिन्यातला रविवार, आपल्या काल्हेरच्या गोडाऊनला कामाची सुट्टी. आई लग्नाला मानकोलीला गेलेली. मोबाईलवर बघून मी अननसाचा रस काढला, पुदिना चेचला, लिंबू पिळलं, बर्फ टाकला आणि वर रम ओतली. तेवढ्यात आई उन्हाने हैराण होऊन लवकर परतली. मी काही बोलायच्या आत सरबत समजून तिने अर्धा ग्लास संपवला आणि थांबली.

"दारू हाय यात."

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या बापाच्या तोंडाला हाच वास यायचा."

बाबा दारूपायीच गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्लास काढून घ्यायला गेलो, तर तिने दिला नाही. उरलेलंही पिऊन टाकलं.

"मला वाटायचं, काय असंल त्यात, की या माणसाला बायको-पोरं दिसत न्हाईत," ती म्हणाली. "कायच न्हाय रे. नुसतं गोड पाणी हाय."

आणि बाबा गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी आई ओट्याला धरून रडायला लागली.