सुपलीतले केस

लोरे : मग हे काय आहे? वाक जरा, कंबर मोडणार नाही तुझी. हे काय आहे?

ओटमार : केस आहेत.

लोरे : कुणाचे?

ओटमार : माहीत असून कशाला विचारतेस?

लोरे : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

ओटमार : पिमचे. झालं समाधान?

लोरे : पिमचे! नाव कसं घेतो बघा, जसा काही सख्खा नातू! वरच्या त्या हेन्रिकेचा घोड्याएवढा कुत्रा माझ्या जिन्यात केस गाळतो. आणि कधी? तर झाडलोटीच्या पाळीची पाटी आपल्या दाराला लटकलेली असताना!

ओटमार : अगं, आठवडा आपला आहे म्हणून कुत्र्याने काय उडत जायचं?

लोरे : गेल्या आठवड्यात पाटी तिच्या दाराला होती. तेव्हा जिना कुणी झाडला?

ओटमार : तिनेच. म्हणजे... तिनेच असणार.

लोरे : थापा मारू नकोस. तू झाडलास. चोरासारखा पाय न वाजवता वर गेलास. दाराच्या भिंगातून बघत होते मी.

ओटमार : इस्पितळातून थकून येते गं पोरगी. शिवाय हॅम्बुर्गकडची आहे, तिकडे ही पाटीची पद्धतच नाही. पाटी दिसली तर तिला वाटलं, आपण घरात आलो म्हणून कुणी स्वागताला लावलीय.

लोरे : हसतोस काय? माझा गुडघा सुजून भोपळा झाला होता, तेव्हा घेतलास का झाडू हातात?

ओटमार : घेतला होता. तूच काढून घेतलास. म्हणालीस, तुला कोपरे जमत नाहीत.

लोरे : जमत नाहीतच. तिच्या आठवड्यातही कोपरे तसेच होते. लाज वाटली मला, नंतर मी जाऊन काढले.

ओटमार : म्हणजे तूसुद्धा तिचा जिना झाडलास!

लोरे : कोपरे झाडले. तिचा जिना नाही. आण ती सुपली इकडे. रिकामी करू नकोस, खबरदार! केखेले येतोय आज. मालकाचा कारभारी नाकासमोर बघत दारोदार विचारणार आहे ना, कुत्र्याचा त्रास होतो का म्हणून? ही सुपलीच धरते त्याच्या नाकासमोर.

ओटमार : लोरे, हळू बोल, जिन्यात सगळं घुमतं. आणि ऐक. खालच्या श्टोलने आधीच कुरकुर केलीय. तू पण बोललीस ना, तर मालकाला आयतं कारण मिळेल. तिला परवानगी नाकारतील. मग एक तर पिमला सोड, नाहीतर घर सोड. या गावात दुसरं घर मिळणार आहे का तिला, कुत्र्यासकट?

लोरे : मग सोडू दे की कुत्रा! मी नाही सोडली?

ओटमार : झालं. आलीस तिथे.

लोरे : येणारच. करारात लिहिलं होतं, प्राणी पाळायला सक्त मनाई. आपण सही केली आणि झिटाला तुझ्या बहिणीकडे नेऊन घातली. एवढीशी कुत्री, डॅशहुंड, पिशवीत मावायची. भुंकायची नाही, केस गाळायची नाही. पण नियम म्हणजे नियम. आणि ही बया येते, सोबत हे अस्वल आणते, कराराला विचारतच नाही, आणि सगळं घर तिचं कौतुक करतं!

ओटमार : विचारलं तिने. म्हणून तर केखेले येतोय.

लोरे : कुत्रा आणल्यावर विचारलं.

ओटमार : ते चुकलंच तिचं. संघातल्या बाईंनी पण तेच सुनावलं तिला.

लोरे : कुठल्या संघातल्या?

ओटमार : भाडेकरू संघातल्या.

लोरे : आणि तुला कसं ठाऊक, बाईंनी काय सुनावलं?

ओटमार : ...मी गेलो होतो सोबत.

लोरे : काय?

ओटमार : अगं, मी सभासद आहे, तिला संघाचं ऑफिस सापडेना, म्हणून...

लोरे : मंगळवारी. मंगळवारी तू दाढी केलीस आणि निळा सदरा घातलास. मला म्हणालास, लायब्ररीत जातो!

ओटमार : तुला राग येईल म्हणून.

लोरे : राग नाही येत मला, ओटमार. जळते मी. स्पष्ट सांगते, अगदी जळफळाट होतो माझा. त्या पोरीसाठी तू निळा सदरा घालून संघात जातोस. त्या कुत्र्यासाठी खिशात सॉसेजचे तुकडे ठेवतोस, सगळ्या कोटांना वास मारतो. तो वर तुझी पावलं ओळखून शेपटी आपटतो, ते मला छतातून ऐकू येतं, धप धप धप. आणि तू हसतोस. माझ्यासमोर बसून सूप पिताना कधी हसलास तसा?

ओटमार : सूप पिताना कुणी हसतं का, लोरे?

लोरे : विषय बदलू नकोस. झिटाच्या वेळी का नाही गेलास संघात? सभासद तेव्हाही होतास ना?

ओटमार : सुचलंच नाही. छापील कागद होता समोर. छापलंय म्हणजे खरंच असणार, असं वाटलं.

लोरे : मग खरंच होतं ना ते?

ओटमार : दे ती सुपली, मी धरतो.

लोरे : ओटमार. खरं होतं ना?

ओटमार : तुला सांगणार नव्हतो मी.

लोरे : आता सांग.

ओटमार : बाई म्हणाल्या, सरसकट मनाई छापलेली असली तर ते वाक्य कोर्टात टिकतच नाही. पोपट, ससा असल्या छोट्या जिवांना तर विचारावंही लागत नाही. कुत्रा-मांजर असेल तर विचारायचं. मग मालकाने बघायचं, जनावर केवढं, घर केवढं, शेजाऱ्यांना त्रास आहे का. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. मी सहज आपला करार पण दाखवला त्यांना.

लोरे : सहज.

ओटमार : तेच वाक्य आहे आपल्यात. अक्षर न् अक्षर तेच.

लोरे : म्हणजे झिटा...

ओटमार : नक्की कुणी सांगावं? पण विचारायला हवं होतं आपण. एवढीशी कुत्री, तिला नाही म्हणायला काय कारण दिलं असतं त्याने?

लोरे : रोझवीटाच्या मांडीवर मेली ती. तुझ्या बहिणीच्या. फोनवर रडत मला सांगत होती, शेवटी माझ्याकडेच बघत होती गं. मला! आणि मी म्हणाले, बरं झालं तू होतीस. बरं झालं म्हणाले मी, ओटमार!

ओटमार : ये, बस इथे पायरीवर.

लोरे : नाही बसत. आत्ताच झाडलीय.

(खालून जड पावलं वर येतात. लोरेच्या हातात सुपली तशीच आहे.)

केखेले : नमस्कार, फ्राउ क्यूब्लर! वा, दोघंही दारातच. बरंच झालं, मला जास्त वेळ लागणार नाही. वरच्या कुत्र्याबद्दल आलोय.

लोरे : विचारा.

केखेले : भुंकतो का?

लोरे : नाही.

ओटमार : लोरे...

लोरे : तू गप्प बस. वर पावलं वाजली की शेपटी आपटतो, बाकी आवाज नाही. या घरात घोरतो तो हा माझा नवरा, त्याची परवानगी काढलीय का तुम्ही?

केखेले : हा हा! नाही, पण खालचे श्टोलसाहेब म्हणाले, जिन्यात केस असतात. पांढरे. जिकडेतिकडे.

लोरे : कधी?

केखेले : म्हणाले, याच आठवड्यात.

लोरे : केखेलेसाहेब, तुम्ही कुठले?

केखेले : मी? इथलाच. श्टुटगार्टचाच.

लोरे : मग पाटी वाचता येत असेल. या आठवड्यात ती कुणाच्या दाराला आहे?

केखेले : तुमच्या.

लोरे : म्हणजे तुमचं म्हणणं, माझ्या आठवड्यात जिना घाण असतो.

केखेले : छे छे! फ्राउ क्यूब्लर, असं कसं म्हणेन मी! माझी आई पण...

लोरे : आईला आणू नका मधे. कोपऱ्यात बोट फिरवा. फिरवा! काय लागलं बोटाला?

केखेले : काही नाही. आरशासारखा आहे कोपरा. पण मग... या सुपलीत हे...

लोरे : माझे आहेत.

केखेले : तुमचे?

लोरे : पांढरे दिसत नाहीत का माझे? वय झालं, गळतात. बाईमाणसाला असलं विचारतात का?

केखेले : माफ करा. माफ करा, मी लिहितो, दुसऱ्या मजल्यावर तक्रार नाही.

लोरे : लिहा. आणि एक सांगा. आम्ही राहायला आलो तेव्हा तुम्हीच होतात ना? केस काळे होते तुमचे.

केखेले : मीच होतो.

लोरे : आमच्या पिशवीत एक कुत्री होती. तुम्ही कागदावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, इथे लिहिलंय, फ्राउ क्यूब्लर.

केखेले : आठवत नाही हो. तेव्हा सगळ्यांनाच तसं म्हणायचो. लोक बहुतेक ऐकायचे.

लोरे : हो. आम्ही ऐकलं.

केखेले : बरं... मी वर जाऊन येतो. ती मुलगी वाट बघत असेल.

लोरे : जा. कडेने जा, मधली पायरी ओली आहे.

ओटमार : लोरे, मला वाटलं नव्हतं तू... तू वाचवलंस पिमला.

लोरे : वाचवलं-बिचवलं काही नाही. अजून जळतेच मी. तिला मिळालं, मला नाही, याचं आत काय होतंय ते माझं मला माहीत. पण श्टोल कोण माझ्या जिन्याला नावं ठेवणारा?

ओटमार : हो, तो कोण!

लोरे : आणि तिला सांग, तुझ्या त्या लाडक्या पोरीला. जेवायच्या आधी त्याला फिरवायला मी नेणार आहे आज. तू नाही.

ओटमार : अगं, ओढतो तो फार. माझी सवय आहे त्याला.

लोरे : माझी लागेल. तो सॉसेजचा तुकडा काढ खिशातून, दे इकडे. सगळे दे. आणि कपाटातला वरचा खण उघड, माझ्या हिवाळी टोप्यांच्या मागे लाल पट्टा आहे.

ओटमार : लाल? झिटाचा? तो तर रोझवीटाकडे गेला ना, झिटाबरोबरच?

लोरे : कुत्री दिली मी तिला. पट्टा नव्हता दिला.