आमच्यातलं टेक्स्चर

भरवसा माणसावर ठेवावा की त्याच्या शब्दावर, सांगा बरं? पुनावळ्यात माझं फरशीचं दुकान. शेजारच्या तात्यांनी घर बांधलं. त्यांच्या बायकोचे, आमच्या काकूंचे, पाय लटपटायचे, म्हणून बाथरूमला खडबडीत फरशी हवी होती. तळवड्याच्या एका डिझायनर पोरानं कॉम्प्युटरवर बाथरूम दाखवलं. दगड असा उठून दिसत होता की हात लावावासा वाटे.

तात्यांनी विचारलं, "टेक्स्चर हाय ना रं ह्याला?"

"आहे ना, तात्या," डिझायनर म्हणाला.

फरशी त्यानंच मागवून बसवली. तात्यांनी हात फिरवून पाहिला नाही. पडद्यावर पाहिलं होतं ना! पहिल्याच आंघोळीला काकू घसरल्या, खुबा मोडला, त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

दहाव्याला डिझायनर माझ्याशेजारी येऊन बसला. "शेठ, मी खोटं नाही बोललो हो. आमच्यात टेक्स्चर म्हणजे दगडाचा सपाट फोटो. तो कॉम्प्युटरातल्या फरशीवर चढवायचा. खऱ्या फरशीवरही तोच छापलेला होता."

तात्यांच्या कानावर गेलं. ते एवढंच म्हणाले, "आमच्यात टेक्स्चर म्हंजे पाय धरतंय ते, बाळा."

रागावलेसुद्धा नाहीत. पोरगा तिथंच रडला.

तुमच्यापैकीही कुणी गिऱ्हाइकाला चित्रं दाखवूनच माल विकत असेल, राव. दाखवलं काय आणि दिलं काय, एवढा हिशेब तरी इमानानं ठेवा.