आधी गावाला बोलू द्या

वहिनी, निर्मला, ग्रंथपाल मॅडम, आणि या वाचनकक्षात दाटीवाटीनं बसलेले तुम्ही सगळे. डोंगरातून पहाटेची गाडी धरून आलेले लोक मागे उभे आहेत, त्यांना आधी बसायला जागा द्या. विद्यार्थ्यांनो, उठा जरा. हं. बसा, दादा.

मला बोलता येत नाही असं नाही. या इमारतीत माझा आवाज जिन्याखालपर्यंत जातो, हे तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. पण आज सगळं सलग बोलता येईलच असं नाही. तेव्हा मी मध्येच थांबले तर पाणी आणू नका, पाठीवर हात ठेवू नका. नुसतं थांबा. रतनसर थांबायचे तसं थांबा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सुनंदा, कळसाडीची. रतनसर आपल्या ग्रंथालयाच्या विशेष संग्रहाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली काम करते. करते म्हणायचं की करायचे, मला अजून ठरवता येत नाही. विशेष संग्रह म्हणजे तळमजल्यावरची ती खोली, जिथे चपला बाहेर काढायला लावतो म्हणून तुम्ही कुरकुर करता. तिथे पुस्तकं फार नाहीत. तिथे माणसांचे आवाज आहेत. नर्मदेच्या काठावरची, सातपुड्यातली माणसं बोललेली, गायलेली, भांडलेलीसुद्धा. सर गावोगाव फिरून ते कॅसेटवर घेऊन यायचे. मग मी कॅसेटची बुरशी पुसायची, सैल झालेली फीत आवळायची, आवाज संगणकावर उतरवायचा, आणि कोण बोललं, कुठे बोललं, कशाबद्दल बोललं त्याची नोंद करायची. आमची इतकी वर्षं यातच गेली. अक्कलकुव्याच्या बाजारातून परत येताना सरांच्या छातीत दुखायला लागलं आणि नंदुरबारला पोचेपर्यंत ते गेले. पंधरवडा होत आला. त्यांचा चहाचा कप मी अजून विसळलेला नाही.

माझ्याआधी बोलले त्यांनी सरांना ज्ञानतपस्वी म्हटलं. म्हणा. पण सर इथे असते तर माझ्याकडे बघून त्यांनी नुसती भुवई उडवली असती, आणि मला हसू आवरलं नसतं. तपस्वी वगैरे काही नाही हो. सरांना गूळ घातलेला चहा लागायचा. भटू, आमचा शिपाई, साखर घालून आणायचा तर ते लहान मुलासारखे रुसायचे. आणि त्यांच्या नाकाला लहानपणी काहीतरी लागलं होतं, त्यामुळे श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजायची. समोरासमोर टेबलं आमची. मी म्हणायचे, "सर, कुकर झाला का बघा." ते म्हणायचे, "अजून एक शिट्टी बाकी शे, बेन." बेन, म्हणजे बहीण, म्हणायचे मला. त्यांच्या घरात भिली, माझ्या घरात गुजरी, ऑफिसात मराठी आणि आम्हां दोघांत अहिराणी. असं चाललं होतं आमचं. चांगलं चाललं होतं.

आता त्यांची कामाची पद्धत सांगते, कारण मला जे सांगायचंय ते तिथूनच सुरू होतं.

सर कुणाच्या अंगणात गेले की रेकॉर्डर ठेवायचे, बटण दाबायचे आणि तळहात वर करायचे. असा. म्हणजे आता कुणी बोलायचं नाही. घरातलं कुणी नाही, शेजारचं कुणी नाही, सरही नाहीत. थोडा वेळ नुसतं बसायचं. मुलं खुदखुदायची, कोंबडी मध्येच यायची, म्हातारी गोंधळून विचारायला तोंड उघडायची आणि परत मिटायची. मग हात खाली, आणि बोलणं सुरू. प्रत्येक कॅसेट अशीच सुरू होते. एकही अपवाद नाही.

मी नवी होते तेव्हा त्यांना विचारलं, हे कशाला? त्यांनी आधी तांत्रिक कारण दिलं. मागचा आवाज वेगळा माहीत असला की पुढचं बोलणं साफ करायला सोपं जातं. तेही खरंच आहे. पण थोड्या वेळानं काम करता करताच म्हणाले, "पहिले गावले बोलू दे, बेन. मंग माणूस." आधी गावाला बोलू दे, मग माणसाला.

पुढे मी त्यांच्याबरोबर बोटीनं मणिबेलीला गेले. बोट मध्ये असताना सरांनी पाण्याकडे बोट केलं. म्हणाले, आपल्याकडे ती म्हातारीची कॅसेट आहे ना, कोंबडा आरवतो ती? तिचं अंगण इथे खाली आहे. मी वाकून बघितलं. धरणाचं हिरवंगार पाणी, दुसरं काही नाही. तिथली माणसं वर डोंगराला सरकली, कुणी पार लांब वसाहतीत गेली. पण कोंबडा आमच्या खोलीत आहे. जात्याचा आवाज आहे, खालून वाहणारी नदी आहे. एकदा बाहेरून आलेले एक तज्ज्ञ म्हणाले, सुरुवातीचा हा मोकळा भाग कापून टाका, जागा वाचेल, ऐकणाऱ्याचा वेळ वाचेल. सर कधी कुणाशी वाद घालायचे नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "तो मोकळा भाग नाही साहेब, ते गाव आहे. कापायचं नाही." विषय तिथेच संपला.

आणि दुसरी गोष्ट. सर कॅसेटवर बोलायचे नाहीत. तुम्ही म्हणाल, मग मुलाखत कशी घ्यायचे? प्रश्न विचारायचेच नाहीत. घरातली एखादी वस्तू उचलून समोर ठेवायचे. मासे धरायचं जाळं, धान्याची टोपली, तुटकी बासरी. आणि गप्प बसायचे. समोरचा माणूस आधी त्या वस्तूकडे बघायचा, मग सरांकडे, मग बोलायला लागायचा आणि थांबायचाच नाही. सर फक्त मान हलवायचे. हुंकारसुद्धा द्यायचे नाहीत.

मी भांडायचे यावरून. सर, कोण विचारतंय हे कळायला नको का? आपल्या नोंदीत मुलाखतकाराचा रकाना आहे, तिथे मी दरवेळी नुसती रेघ मारते. उद्या लोक म्हणतील भुतानं घेतली मुलाखत. तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं. ते लहान असताना गावात साहेब लोक यायचे, जमिनीचं, जंगलाचं विचारायला. साहेब मोठ्यानं विचारायचे आणि सरांचे वडील हात जोडून म्हणायचे, हो साहेब. दिवसभर तेवढंच, हो साहेब. घरी आपल्या माणसांत तेच वडील गोष्ट सांगायला लागले की लोक जेवायचं विसरायचे. सर म्हणाले, "आपल्या पेटीत साहेबाचा आवाज नको. आता मीच साहेब शे ना. मन्हा आवाज ठेईसन काय करशी?"

माझा आवाज ठेवून काय करशील, असं विचारलं त्यांनी. मी रेघ मारली.

सर गेल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी निर्मला खाली आमच्या खोलीत आली. ही त्यांची मुलगी, धडगावला शाळेत शिकवते. दारात उभी राहिली. म्हणाली, "मावशी, आईला बाबांचा आवाज ऐकायचाय. मला पण. तुमच्याकडे एवढ्या लोकांचे आवाज आहेत, बाबांचा द्या."

मी म्हटलं, बाळा, फोनमध्ये असेल की. ती म्हणाली, बघितलं. सगळ्या व्हिडिओंत बाबाच फोन धरून उभे आहेत, बाकीचे आम्ही दिसतो. तिच्या लग्नाच्या एका व्हिडिओत सर दिसतात. तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलताहेत, ओठ हलताना स्पष्ट दिसतात. पण वर डीजे वाजतोय. काय बोलले ते तिलाही नीट आठवत नाही. त्या दिवशी ती रडत होती, ऐकणार कशी?

मी तिला सांगितलं, शोधते. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आवाज शोधून देणं हेच तर माझं काम आहे. पुण्याहून, बडोद्याहून लोक येतात आणि म्हणतात, अमुक गावचं लग्नातलं गाणं पाहिजे, आणि मी चहा निवायच्या आत काढून देते. सरांचा आवाज मिळणार नाही?

भटू आणि मी ऐकायला बसलो. ज्या कॅसेटींत सर चुकून बोलले असतील असं वाटलं, त्या सगळ्या काढल्या. भटू एका यंत्रावर, मी दुसऱ्यावर. सुरुवातीचा शांततेचा भाग पुढे ढकलायचा आणि बोलणं सुरू झालं की कान लावायचा. आठवडा गेला. एक दिवस भटूनं कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, "ताई, सर तं कोठेच नही." सर कुठेच नाहीत. आणि खाली बसून रडायला लागला.

मला सरांचा राग आला. आज सगळ्यांसमोर सांगते, फार राग आला. एवढ्या मोठ्या डोंगरभर माणसांचा आवाज जपून ठेवलात, आणि घरच्यांसाठी एक वाक्य ठेवलं नाहीत? आम्ही काय करायचं आता? आणि तुम्हांला सांगते, मलाही आता सरांचा आवाज पुरता आठवत नाही. शब्द आठवतात. कुकर आठवतो, बेन आठवतं. पण ते बेन कसं म्हणायचे, ते कानात आणायला गेले की माझाच आवाज येतो. पंधरा दिवस झाले नाहीत अजून. एवढ्या लवकर जातं का हो हे?

नंतरच्या दिवशी मी मणिबेलीची ती म्हातारीची कॅसेट लावली. नेहमीप्रमाणे सुरुवात पुढे ढकलणार, तेवढ्यात ग्रंथपाल मॅडमनी दारातून हाक मारली. मी वळून त्यांच्याशी दोन शब्द बोलले, कानावर तसंच होतं. कॅसेट चालू राहिली. कोंबडा आरवला. जातं थांबलं. नदीचा आवाज. आणि त्याच्या अलीकडे, अगदी जवळ, बारीक शिट्टी.

थांबा. सांगते.

एक शिट्टी. मग थोडा वेळ नाही. मग परत. रेकॉर्डर मांडीजवळ ठेवून, तळहात वर करून सर बसलेले आहेत आणि श्वास घेताहेत. तेव्हा तरुण होते, श्वास लांब होता. पण शिट्टी तीच. मॅडम अजून दारातच होत्या. नुसतं कानावरचं काढून त्यांच्या हातात दिलं.

मग आम्ही बाकीच्या कॅसेटींच्या सुरुवाती लावल्या. ज्या आम्ही आठवडाभर पुढे ढकलत होतो त्याच. जिथे जिथे गाव शांत आहे, तिथे तिथे सर आहेत. कुठे कुत्रं भुंकतंय आणि सर आहेत. कुठे पाऊस पत्र्यावर वाजतोय, तिथे शिट्टी ऐकू येत नाही, पण पाऊस ओसरता ओसरता येते. माणूस बोलायला लागला की सर बुडून जातात. तोवर असतात.

परवा निर्मलाला घेऊन वहिनी आल्या. चपला बाहेर काढल्या. कानावर लावायला नको म्हणाल्या, म्हणून मोठ्या स्पीकरवर लावलं. कोंबडा, जातं, नदी. वहिनी स्पीकरकडे न बघता सरांच्या खुर्चीकडे बघत होत्या. शिट्टी आली तसा त्यांनी निर्मलाचा हात धरला. मग त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मला अर्धंच कळलं, निर्मलानं मराठीत सांगितलं. आई म्हणते, बाबा जागे आहेत. झोपेतला आवाज वेगळा असतो, हा जागेपणाचा आहे.

मग वहिनी मला मराठीत म्हणाल्या, "परत लावा."

मी परत लावलं. त्या म्हणतील तितक्या वेळा लावलं.

निर्मला, तू आवाज मागितला होतास, मी तुला श्वास दिला. याहून जास्त माझ्याकडे नाही गं. असतं तर खोली रिकामी करून दिलं असतं. एवढं मात्र केलंय, की आता त्या रकान्यात रेघ नाही. मणिबेलीच्या नोंदीत मी लिहिलंय, मुलाखतकार रतनसर, सुरुवातीला त्यांचा श्वास ऐकू येतो. बाकीच्या कॅसेटींचं काम चालू आहे. सरांना हे आवडणार नाही. नाही आवडू दे. आता मला अडवायला ते येऊ शकत नाहीत, आणि ते यावेत म्हणून मी काहीही करायला तयार आहे.

बस. मला एवढंच बोलायचं होतं. आता आपण शांत बसणार आहोत, पण सरांच्या पद्धतीनं. उभं राहू नका. डोळे मिटू नका, मान खाली घालू नका. जसे बसला आहात तसेच बसा. खोकला आला तर खोका, पोर रडलं तर रडू द्या. सरांचा रेकॉर्डर हा इथे टेबलावर आहे. भटूनं नवी कॅसेट घातली आहे. निर्मला, ये इकडे, बटण तूच दाब.

आमच्या खोलीतल्या प्रत्येक गावाच्या शांततेत सर बसलेले आहेत. आजची ही पहिलीच, जिच्यात ते नाहीत. मी नंतर ऐकणार आहे, आणि मला माहीत आहे मी काय शोधत बसणार आहे.

दाब, बाळा.

मी हात वर केलाय.