फुटलेली दाढ कोणाची?

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेला शिंपी शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकत होता.

"ताई, दाढ फुटली कशानं गं?"

"झोपेत दात खाते म्हणे मी. जाऊबाईंच्या रागानं."

"मग जाब विचार की त्यांना!"

"त्या खुशाल घोरत असतात. दातओठ मी खाल्ले."

"पण टोमणे तर त्यांनीच मारले ना?"

"मारले. ते उशाशी घेऊन झोपायला कुणी सांगितलं होतं मला?"

"आणि उद्या पुन्हा मारले तर?"

"मारू देत! तोंडावर उत्तर देईन आणि गाढ झोपेन. आता एकही दात त्यांच्या नावानं जाणार नाही."

आतून नर्सनं विचारलं, "फुटलेली दाढ कोणाची?"

"माझी!" ताई अशा ठसक्यात उठली, की शिंपी गाल धरायचाच विसरला.