काळा दगड, लाल दगड

दत्तराव: पुन्हा एकदा सांगा मॅडम. स्पीकर लावलाय. महारुद्रच्या आईला बी ऐकू द्या.

भक्ती: गोदामात सापडलेली हाडं महारुद्रची नसावीत, काका. आमच्या प्रयोगशाळेतले आकडे तसंच सांगतायत.

दत्तराव: ऐकलंस का सगुणा? आपलं पोरगं जित्तं हाय!

भक्ती: जिवंत आहे असं मी म्हणत नाही. पण आग लागली तेव्हा आत महारुद्र आणि करीमनगरचा नरसय्या, दोघंच होते. हाडं एकाचीच आहेत.

सगुणाबाई: जळक्या हाडातून काय कळतं, माय? पोलिस तर म्हणले, डीएनए लागला न्हाई.

भक्ती: डीएनए जळाला, काकू. पण हाडात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो, तो राहतो. त्याचे काही अणू जड, काही हलके. आमचं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, ते वजनावर वेगळे करून प्रमाण मोजतं. दगडातून तो पाण्यात उतरतो, पाण्यातून हाडात. आपल्याकडच्या काळ्या दगडात जड अणू कमी, करीमनगरच्या लाल दगडात जास्त. या हाडात लाल दगड निघाला.

दत्तराव: अन् आमचं पोरगं पेडगावचं! जन्म, शाळा, समदं हितंच. मिटलं. मी झरीच्या पाव्हण्यायला फोन लावतो.

सगुणाबाई: थांबा हो. कोन्तं हाड मोजलं, माय?

भक्ती: कानाच्या आतलं. लई टणक असतं. आईच्या पोटात आणि पहिल्या दोनेक वर्षांत ते घडतं, मग बदलत नाही.

सगुणाबाई: पोटात?

भक्ती: हो. तेव्हा आई जे पाणी पिते...

दत्तराव: सगुणा, गप बस.

सगुणाबाई: माय, मागं दुष्काळ पडला तवा आमी करीमनगरकडं खाणीवर होतो. दगड फोडायला. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी फडक्यानं गाळून प्यायचो. महारुद्र तितंच झाला. चालाय लागला तवा गावाकडं आलो. शाळेत मास्तरनं पेडगाव लिवलं, मग आमी बी तेच सांगत आलो.

दत्तराव: तुला इचारलं होतं का कुणी? कामून सांगायलीस? यंत्रानं पोरगं जित्तं केलं, अन् तू आई असून मारायलीस?

सगुणाबाई: आता तिकडच्या माउलीला सांगतील, तुझं लेकरू गेलं. माझ्या लेकराची हाडं मांडीवर घेऊन ती रडंल. अन् मी हितं दाराकडं बघत बसू?

दत्तराव: बसू दे की! मला बसू दे दाराकडं बघत. दुसरं काय मागायलो मी?

भक्ती: काका, फोन ठेवू नका. मांडीच्या हाडाचा तुकडा आहे. ते हाड हळूहळू नवं होत राहतं, त्यात मोठेपणीचं पाणी दिसतं. नरसय्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच गाव सोडून आला होता. त्याचं असेल तर लाल दगडच निघेल.

दत्तराव: अन् काळा निघाला तर?

भक्ती: मग ते हाड पेडगावचं पाणी पिऊन वाढलेल्याचं, काका.

दत्तराव: मोजू नका मॅडम. तुमच्या पाया पडतो. सगुणा, तू सांग. तुझं ऐकतील त्या.

सगुणाबाई: मोज, माय.

(काही दिवसांनी. पुन्हा फोनवर.)

भक्ती: काकू, काका जवळ आहेत ना?

सगुणाबाई: हाईत. बोल.

भक्ती: काळा दगड निघाला.

दत्तराव: यंत्र चुकलं असंल.

भक्ती: मलाही तसंच असावं असं वाटत होतं, काका. परत मोजलं. यंत्र धुऊन परत मोजलं. वेगळं यावं म्हणूनच मोजत होते. नाही आलं.

दत्तराव: सगुणा... दार लावून घे गं.

सगुणाबाई: बसा. हितं बसा, मला टेकून. ...माय, हाईस का?

भक्ती: आहे, काकू.

सगुणाबाई: नरसय्याच्या आईला कळवलंस?

भक्ती: अजून नाही. आधी तुम्हाला सांगितलं.

सगुणाबाई: मग ठेव फोन. तिला सांग, तुझं लेकरू अजून हुडकायचं हाय.