चौथा बदाम

नाही नाही उस्ताद, सुई नवी घातलीये, दोराही बदललाय — बघा ना, कुठे तुटलाय? अख्खा आहे. तरी या भरतकामाच्या मशीनची पडद्यावर एकच रड, दोरा तुटला, दोरा तुटला. तीन बदाम झोकात काढतं आणि चौथ्याला अडून बसतं. टोपीच्या चार बाजूंना चार बदाम हवेत; तीन बदामांची टोपी मर्गिलानच्या बाजारात कोण डोक्यावर घालणार? चहा घ्या ना. पियाला अर्धाच भरते हं — काठोकाठ भरला तर आयाजान म्हणतील, पाहुण्याला वाटेला लावतेस का. त्या काय, तंदूरपाशी बसल्यात. सासूबाई माझ्या. हात रोट्यांत आणि कान इकडे!

यांनी पाठवलं हो हे, अल्माटीहून, तिथे कामाला असतात. मी म्हटलं होतं, मला घेऊन जा. लग्न झाल्यापासून नवरा किती पाहिला, सांगायचीसुद्धा लाज वाटते. पोरगी तर फोनलाच बाबा म्हणते — फोनची पापी घेते आणि उशाशी ठेवते. तर मी म्हटलं घेऊन जा, आणि हे खोकं आलं. ‘आता घरीच काम कर, मुनव्वर, आईजवळ कोणीतरी हवं.’ कोणीतरी! पहाटे उठा, फाटकाबाहेर झाडा, पाणी शिंपडा, सगळ्यांना वाकून सलाम करा, मग याच्यापुढे बसा. ते धावतं, मी बसते. — नाही हो, आयाजान वाईट नाहीत. मला ताप आला तर स्वतःच्या हातानं शोरबा भरवतात. तेच तर ना! वाईट असत्या तर भांडून कधीच माहेरी गेले असते.

काय म्हणालात? काजळी? कुठे — या काचेच्या ठिपक्यावर? हा दोऱ्यावर नजर ठेवतो होय, आणि काजळीनं त्याला दोरा दिसत नाही! अहो, ती धुरी. इसिरिकची. नवं मशीन, शेजारणी येऊन बघून जातात, दृष्ट लागायची — म्हणून सकाळ-संध्याकाळ निखाऱ्यावर इसिरिक टाकून ओवाळतो. — नाही, आता मीच ओवाळते, आयाजानचे गुडघे धरलेत. — इतक्या जवळून का, म्हणता? म्हणजे, त्या लांबूनच ओवाळायच्या. मी... ज्या दिवशी जवळून ओवाळलं, त्या दिवशी हे लवकर अडलं, एवढंच दिसलं मला. का अडलं ते मला काय कळणार? दिसलं — आणि मग हात आपोआप जवळ जायला लागला.

थांबा, तो कापूस खाली ठेवा. पुसू नका. ऐका तर — आयाजाननी चार बायकांदेखत शब्द दिलाय, उस्तादानं हात टेकले तर मशीन विकू आणि नवरूझचा सण झाला की पोरीला घेऊन तू जा नवऱ्याकडे. शब्द फिरवणाऱ्या नाहीत त्या. तुमच्या तोंडून ‘होत नाही’ आलं की सुटले मी. म्हणा ना, आतलं सगळं जळलंय. तुमचं काय जातं? — नाव जातं, बरोबर. अख्ख्या मोहल्ल्याची मशीनं तुमच्याच हातात, कळतं मला. पण तुमचीही मुलगी असेल ना कुठे दिलेली? सुखात आहे? विचारलंत कधी? खाली काय बघताय, बोला ना — अहो, काय करताय? पुसलंत? मी बोलत होते ना, उस्ताद, मी अजून बोलतच होते —

...

चालतंय. एक. दोन. तीन. ...काढला. चौथाही काढला. किती सुबक काढतं मेलं!

हो आयाजान! चालू झालं! या ना, बघा. — काही बिघडलं नव्हतं म्हणतात उस्ताद. दृष्टच होती. जबर दृष्ट. म्हणतात, दोन वेळा पुरत नाही, दुपारीही ओवाळा — अगदी जवळून, धूर आत शिरला पाहिजे. हो ना, उस्ताद? हो ना? ...बघा आयाजान, मान हलवली त्यांनी. निखारे मी आणते, तुम्ही बसा.

आणि उस्ताद, हा घ्या चहा. काठोकाठ भरलाय.