झाकणाचा मानकरी

...नाही, नाही, तुम्हीच सांगा, कचऱ्याच्या डब्याला माणूस आलेला कळायची गरज काय? नुसतं बाजूनं गेलं तरी झाकण उघडतो! मी पाणी प्यायला निघालो, हा उघडला. पाणी पिऊन परत आलो, पुन्हा उघडला. जसा काही मलाच आत घ्यायला टपलाय! सूनबाईला म्हटलं, अगं, आपला जुना, पायानं उघडायचा डबा काय वाईट होता? तर म्हणते, "बाबा, याला हात लावावा लागत नाही. सोय!" आता पायानं उघडायच्या डब्याला हात कोण लावत होतं... पण विचारणार कुणाला?

तुम्हाला सांगतो, सूनबाई स्वभावानं अगदी सोनं. माझी तक्रार तिच्याबद्दल नाहीच, तिच्या फोनबद्दल आहे. ऑफिसातून येताना बसमध्ये ती रोज घराला उपयोगी चतुर वस्तू बघत येते, आणि तिसऱ्या दिवशी पार्सलवाला दारात! तो तर आता इतका घरचा झालाय, की परवा मला म्हणाला, "आजोबा, तब्येत उतरलीय तुमची." उतरणार नाही तर काय! बाथरूममध्ये दिवा बसवलाय, माणूस हलला की लागतो, हलायचा थांबला की विझतो. आता काही कामं माणूस शांत बसूनच करतो की नाही? मधेच गुडुप अंधार! मग बसल्या जागी दोन्ही हात वर करून हलवायचे... या वयात! मुलाकडे तक्रार केली, तर तो म्हणतो, "बरंय ना बाबा, तेवढाच व्यायाम." का? तर म्हणे सोय!

किल्लीला एक बिल्ला अडकवलाय. शीळ घातली की किल्ली चिवचिवते आणि सापडते. छान! पण कवळी लावून शीळ घालून बघा एकदा! किल्ली राहिली बाजूला, कवळी शोधायची वेळ येते. मी पंचवीस वेळा फुंकलं, किल्ली ढिम्म. आणि कुकरची शिट्टी झाली की मात्र लगेच ओ देते. आत तीन शिट्ट्या, इकडे माझ्या खिशात तीन चिवचिव! का? तर म्हणे सोय!

पण हे सगळं सोसलं हो मी. खरं दुखणं वेगळंच आहे.

पाणीखात्यात छत्तीस वर्षं फिटर होतो मी. एवढाले पाइप, एवढाले पाने! गंजून घट्ट बसलेले आटे नुसत्या आवाजावरून ओळखायचो, हा सुटणार, हा दमवणार. मग निवृत्त झालो. पाने कपाटावर गेले, निर्णय मुलाकडे गेले, नळ गळला तर आता फोनवर बोट दाबून माणूस येतो आणि मला, फिटरला, म्हणतो, "आजोबा, जरा बाजूला सरका." राहिलं काय माझ्याकडे? झाकणं! घरातली घट्ट बसलेली झाकणं. स्वयंपाकघरातून आमच्या हिची हाक यायची, "अहो, जरा हे झाकण बघता का?" की मी उठायचो. बरणी फडक्यानं नीट पुसून ही माझ्या हातात द्यायची, मी बाही सरकवायचो... एक हिसका, खलास! सूनबाई म्हणायची, "बाबांच्या मनगटात काय जोर आहे!" मी म्हणायचो, "छे, छे, त्यात काय!" त्यात काय म्हणजे... त्यातच तर सगळं होतं हो! शेजारच्या वहिनीसुद्धा आपल्या बरण्या हिच्याकडे आणून द्यायच्या, का, तर भावोजी घरात आहेत!

आणि मागच्या महिन्यात आलं ते पार्सल. कासवासारखं दिसणारं काहीतरी. बरणीवर बसवायचं, बटण दाबायचं. घर्रर्र... टक्! झाकण उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मला इतक्या वर्षांत कुणी एक टाळी वाजवली नाही! आणि ही, जिला स्वतःच्या फोनचं बटण सापडत नाही, ती म्हणते, "अगंबाई, किती छान सोय!" दुसऱ्या दिवशी वहिनी बरणी घेऊन दारात. मी उठलो, बाही सरकवली, तर म्हणतात कशा, "नाही, नाही, तुम्ही बसा भावोजी. यंत्र आहे ना घरात?"

यंत्र आहे ना घरात! आणि मी घरात आहे, ते दिसत नाही का?

तीन आठवडे! तीन आठवडे मला स्वयंपाकघरातून एक हाक नाही. माणसानं करायचं काय? पेपरातल्या जाहिरातीसुद्धा वाचून संपल्या. मग मी काय केलं... तुमच्यातच ठेवा हं... त्या कासवाच्या पोटातले दोन सेल काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. चोरी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. स्वतःच्या घरात एक हाक मिळवायला चोरी करावी लागली हो मला!

रविवारी सकाळी मधाची बरणी निघाली. सूनबाईनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "अय्या, बंद पडलं वाटतं!" मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो, वाचत एक अक्षर नव्हतो. आणि आली हाक! "बाबा, जरा येता का?" ही तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी गेलो, बाही सरकवली, झाकण धरलं, दिला हिसका... काही नाही. पुन्हा दिला... ढिम्म! रुमाल घेतला, दात-ओठ खाल्ले, कवळी सुटायची वेळ आली पण झाकण सुटेना! मुलगा हळूच म्हणाला, "राहू द्या ना बाबा." कानशिलं तापली माझी. तुम्हाला खरं सांगतो, निवृत्त झालो त्या दिवशी मी म्हातारा झालो नव्हतो. त्या मिनिटाला झालो.

तेवढ्यात ही आली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "अहो, केवढी चिकट झालीय ती! पुसल्याशिवाय उघडेल कशी? आणा इकडे." ओट्याकडे वळली, आमच्याकडे पाठ, हातात फडकं. आणि मला ऐकू आलं... टक्! बारीकसं, फडक्याखाली दाबलेलं. मुलाला कळलं नाही, सूनबाईला कळलं नाही, पण माझा कान फिटरचा आहे हो! मग बरणी माझ्या हातात. "हं, आता बघा." मी नुसतं बोट लावलं, उघडली. सूनबाई म्हणाली, "बाबा ते बाबाच!"

दुपारी ही एकटी सापडली तेव्हा विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हे तुझं पुसणं!"

हातातल्या फडक्याची घडी घालत म्हणते, "तुमचं मनगट मुरगळलं होतं ना पाइप उचलताना, तेव्हापासून."

"अगं, तेव्हा आपला मुलगा चौथीत होता! आता टक्कल पडायला लागलंय त्याला!"

"हो ना. किती भरभर दिवस गेले!"

अठ्ठावीस वर्षं, मंडळी! अठ्ठावीस वर्षं तिनं आधीच उघडलेली झाकणं मी उघडतोय आणि वर "त्यात काय" म्हणतोय! असा भडकलो... म्हटलं, एवढी जपत होतीस, तर मग हे कासव कशाला येऊ दिलंस घरात? मला पुरता निकामी करायला? तर तिनं हात पुढे केला. "आता माझंच मनगट ठणकतं हो. म्हणून मीच सूनबाईला म्हटलं, असलं काही मिळतं का बघ."

आता बोला! मी तीन आठवडे मनातल्या मनात त्या पोरीला बोल लावत होतो. आणि ज्या बाईनं माझं मनगट जपलं, तिच्या मनगटाला विसावा देणाऱ्या यंत्राचे सेल माझ्या खिशात! लाज वाटली, फार वाटली. सेल परत बसवले, गुपचूप. आधी उलटे बसले, मग सुलटे.

हाका अजून येतात, बरं का. "अहो, जरा हे झाकण बघता का?" आणि हाकेच्या पाठोपाठ आतून घर्रर्र... टक्! मला सगळं ऐकू येतं. मला ऐकू येतं हे तिलाही माहीत आहे. काय करता? सोय हो, सोय! मी आपला लगेच काही उठत नाही... चष्मा पुसतो, चपला शोधतो, उगाच दोनदा खाकरतो... झाकण परत लावायला तिला वेळ नको का मिळायला?